डेटा सोर्स इज इक्वल टू

१९९९-२०००चा गळीत हंगाम होता. जानेवारीतल्या एका रात्री दीडच्या सुमाराला घरमालकांकडचा फोन वाजला आणि काकूंनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. “तुमच्या कारखान्याचा आहे,” म्हणाल्या. कारखाना अर्थातच माझा नव्हता. कोल्हापुरातल्या एका चार माणसांच्या कंपनीत मी नोकरीला होतो, ती साखर कारखान्यांना सॉफ्टवेअर करून द्यायची आणि त्यातला काट्यावरचा प्रोग्राम मी लिहिला होता. एवढ्यावर काकूंनी कारखाना माझ्या नावावर करून टाकला होता.

फोनवर काट्याचे आण्णा होते. “साहेब, काटा बंद हाय.”

काटा बंद म्हणजे काय, हे हंगामातला कारखाना न पाहिलेल्याला सांगायला हवं. शेतातून आलेली उसाची गाडी आधी वजनकाट्यावर चढते. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस रिकामा करून गाडी परत आली की रिकामं वजन घ्यायचं, दोन्हींची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. ही नोंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही आणि ती हलल्याशिवाय मागची पुढे येत नाही. कारखाना चोवीस तास चालतो. गव्हाणीला ऊस कमी पडला की आतली मिल थांबते, आणि मिल थांबली की चिटबॉयपासून एमडींपर्यंत सगळे जागे होतात. बाहेर यार्डात ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांची रांग वाढत जाते. तोडलेला ऊस जागच्या जागी वाळतो, म्हणजे रांगेत उभं राहण्याचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात.

झालं होतं ते साधंच. सर्व्हरचा मदरबोर्ड संध्याकाळी जळाला. हार्डवेअरवाल्यानं रात्री दुसरं मशीन आणून बसवलं, कालचा बॅकअप त्यावर चढवला, सगळं व्यवस्थित केलं. पण काट्यावरचा प्रोग्राम सुरू केला की एकच वाक्य येई: स्पेसिफाइड एसक्यूएल सर्व्हर नॉट फाउंड, म्हणजे सांगितलेला डेटाबेस सर्व्हर सापडत नाही. जुन्या सर्व्हरचं नाव होतं ज्योतिबा. नव्याचं नाव हार्डवेअरवाल्यानं भक्तिभावानं अंबाबाई ठेवलं होतं. आणि ज्योतिबा हे नाव माझ्या प्रोग्रामच्या पोटात होतं. व्हिज्युअल बेसिक सहा या भाषेत लिहिलेल्या कोडच्या एका मोड्यूलच्या अगदी वरच्या बाजूला, डेटाबेस कुठे आहे आणि आत कसं शिरायचं ते सांगणारी ती ओळ मी लिहिली होती. डेटा सोर्स इज इक्वल टू ज्योतिबा, अर्धविराम. इनिशियल कॅटलॉग इज इक्वल टू डेटाबेसचं नाव, अर्धविराम. युजर आयडी इज इक्वल टू एसए, अर्धविराम. पासवर्ड इज इक्वल टू, आणि पुढे काहीच नाही. लगेच अर्धविराम. एसए म्हणजे सर्व्हरचा सर्वेसर्वा युजर, आणि त्याला पासवर्डच नाही. त्या काळी हे असंच असायचं.

मग काय. ऑफिसची किल्ली माझ्याकडेच होती. जाऊन मशीन लावलं, एक शब्द बदलला, एक्सई म्हणजे चालवायची तयार फाइल बनवली, फ्लॉपीवर घेतली. एक फ्लॉपी खराब निघाली तर म्हणून दोन फ्लॉप्या. स्प्लेंडरवरून तीसेक किलोमीटर. धुकं असं, की कारखाना जवळ आल्याचं दिसण्याआधी मळीच्या वासावरून कळलं. रांग गेटाच्या बाहेर रस्त्यापर्यंत आलेली. बैलगाड्यांखाली गोणपाट अंथरून माणसं झोपलेली. काट्याच्या केबिनमध्ये पहिली फ्लॉपी अपेक्षेप्रमाणे खराब निघाली. दुसरीनं चार मशीनवर एक्सई चढवली आणि सव्वाचारला पहिली पावती छापली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा तो करकराट मला आजही कुठे ऐकू आला तर बरं वाटतं.

आण्णांनी चहा मागवला आणि विचारलं, “म्हंजे सर्व्हरचं नाव बदललं म्हणून तुमचा प्रोग्राम घर इसरला व्हय?”

मी समजावलं, की नाव प्रोग्रामच्या आत लिहिलेलं असतं, ते बदलायचं तर प्रोग्राम नव्यानं बनवावा लागतो.

“मग ते भाईर काढून ठेवा की. आमी बदलू आमचं आमी.”

पुढे पुण्यात मोठमोठ्या आर्किटेक्ट लोकांच्या बैठकांत मी बसलो, स्लाइडी पाहिल्या. कॉन्फिगरेशन, म्हणजे जागेगणिक बदलणाऱ्या असल्या गोष्टी, या विषयावर आण्णांच्या त्या दोन वाक्यांपलीकडचं फार थोडं ऐकायला मिळालं. (खरं तर त्या रात्री तीस किलोमीटर जायचीही गरज नव्हती. विंडोजवर एसक्यूएलच्या क्लायंटबरोबर एक छोटी युटिलिटी येते, तिच्यात ज्योतिबा म्हणजेच अंबाबाई असं टोपणनाव लावून देता येतं. फोनवर सांगून पाच मिनिटांत काम झालं असतं. हे मला कळलं चार वर्षांनी. आण्णांना अजून सांगितलेलं नाही.)

पुढच्या हंगामाआधी मी ती ओळ बाहेर काढली. एक्सईच्या शेजारी एक आयएनआय फाइल, साध्या मजकुराची. चौकोनी कंसात डेटाबेस असं शीर्षक, खाली सर्व्हर, डेटाबेस, युजर, पासवर्ड, प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह. प्रोग्राम सुरू झाला की आधी ही फाइल वाचायचा, तिच्यातले तुकडे जोडून ओळ तयार करायचा आणि मग सर्व्हरचं दार वाजवायचा. हंगामाची मोळी टाकायच्या आदल्या दिवशी आण्णांना नोटपॅडमध्ये ती उघडून दाखवली. त्यांनी चष्मा चढवून वाचली आणि म्हणाले, “हे बरं केलंत.” मला इतका आनंद झाला की विचारू नका. प्रोग्राम आता कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही सर्व्हरवर चालणार होता. प्रोग्रामचं काय आणि त्या जागेचं काय, हे वेगळं झालं होतं. ओरॅकलवाले हेच काम टीएनएसनेम्स नावाच्या फाइलमध्ये करत, जावावाले प्रॉपर्टीजमध्ये. पुढे वर्डप्रेस आलं तेव्हा डब्ल्यूपी-कॉन्फिग आलं, रेल्स आलं तेव्हा डेटाबेस डॉट वायएमएल. बारसं वेगळं, बाळ तेच.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला वेळ लागला. बाहेर काढलेली वस्तू दिसते.

मे २००२मध्ये स्पायडा नावाचा एक वर्म, म्हणजे आपोआप मशीनमागून मशीन गाठणारा प्रोग्राम, पसरला. इंटरनेटवर उघडे असलेले एसक्यूएल सर्व्हर शोधायचे, एसए या युजरनं रिकाम्या पासवर्डनिशी आत शिरता येतं का पाहायचं, आणि आलं तर मशीन ताब्यात घ्यायचं, एवढंच त्याचं काम. कुलूप तोडायचं नाही, दार ढकलून बघायचं. आमचे कारखान्यातले सर्व्हर इंटरनेटला जोडलेलेच नव्हते, त्यामुळे आमच्यापर्यंत तो आला नाही. पण साहेबांनी बातमी वाचली आणि फर्मान निघालं, की सगळीकडे पासवर्ड टाका. मी टाकला. कारखान्याच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं, बाकी लहान, शेवटी एक आकडा. आणि तो त्याच आयएनआय फाइलमध्ये, पासवर्ड इज इक्वल टूच्या पुढे लिहिला. दुसरीकडे कुठे लिहिणार? प्रोग्रामला तो रोज सकाळी लागणार होता. आण्णांना फोनवर सांगितला आणि त्यांनी तो एका कागदावर उतरवून घेतला, कारण पुन्हा रात्री-बेरात्री गरज पडली तर हाताशी असावा.

त्याच्या पुढच्या हंगामात काटा अडखळू लागला. बंद नाही, अडखळतोय. गाडी काट्यावर, वजन पडद्यावर, सेव्हचं बटण दाबलं की पडदा गोठतो. कधी मिनिट, कधी तीन मिनिटं. मग आपोआप सुरळीत. दोन दिवस मी केबल बदलल्या, हब बदलला, स्वतःच्या कोडकडे संशयानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी सर्व्हरवर कोण कोण जोडलेलं आहे याची यादी काढली. काट्याची दोन मशीनं, हिशेबाचं एक, शेतकीचं एक. आणि आणखी एक. प्रोग्रामचं नाव होतं मायक्रोसॉफ्ट क्वेरी, म्हणजे एक्सेल डेटाबेसमधून माहिती ओढायला वापरतं ते.

शेतकी खात्यात एक तरुण क्लार्क होता. त्याला रोज गटवार, गाववार ऊस किती आला ते साहेबांना द्यावं लागायचं, आणि माझ्या प्रोग्राममध्ये तो रिपोर्ट नव्हता. मला सांगूनही नव्हता, हे आता कबूल करतो. त्यानं पुस्तक आणून एक्सेलमधून डेटाबेसला जोडणी कशी करतात ते शिकून घेतलं. सर्व्हरचं नाव, युजर, पासवर्ड? ते तर समोरच्या फाइलमध्ये लिहिलेलं. त्यानं वजनाचा सगळा टेबल उघडला होता आणि अर्धवट वाचून तसाच ठेवून चहाला जात होता. तो वाचत असेपर्यंत त्या नोंदींवर सर्व्हरनं धरलेलं कुलूप सुटत नव्हतं, आणि काटा लिहायला आला की दारात ताटकळत होता.

मला त्याच्यावर चिडता येईना. पासवर्ड चोरीला गेला असंही म्हणता येईना. तो मीच वाटला होता, शिवाय एसएचा, म्हणजे ज्याला डेटाबेस अख्खा पुसून टाकायचीही मुभा आहे असा. पोराच्या मनात तसलं काही असतं तर एका ओळीत हंगाम साफ झाला असता. त्याच्या मनात होता रिपोर्ट. मी त्याला फक्त वाचता येईल असा वेगळा युजर करून दिला आणि रिपोर्टही करून दिला. तो त्याच्या एक्सेलइतका चांगला झाला नाही, हा भाग निराळा.

आणि एसएचा पासवर्ड? तो बदलायला हवा हे उघड होतं. पण चार मशीन, चार आयएनआय फाइली, रात्रीच्या बॅकअपची एक बॅच फाइल, आणि बाहेर ट्रॅक्टरांची रांग. मी साहेबांना म्हटलं, हंगाम संपला की बदलतो. त्या उन्हाळ्यात मला पुण्याची नोकरी लागली.

अनेक वर्षं ही ओळ लिहिल्यावर तिच्याबद्दल एक गोष्ट जाणवते. तिचे दोन भाग एकमेकांशी फटकून वागतात. पत्ता चुकला, तर प्रोग्राम पंधरा सेकंद गप्प बसतो. पंधरा सेकंद हा ठरलेला कनेक्शन टाइमआउट आहे, कुणी बदलला नाही तर तेवढाच. व्हिज्युअल बेसिकमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या एडीओच्या काळातही तेवढाच होता. या पंधरा सेकंदांत किती गोष्टी आठवतात ते डेव्हलपरला विचारा. पासवर्ड चुकला, तर मात्र वाट बघायची भानगड नाही. पापणी लवायच्या आत लॉगिन फेल्ड. म्हणजे अनोळखी गल्लीत घर शोधत फिरायला वेळ लागतो, पण घर सापडून दारातून हाकललं जायला लागत नाही. नुसत्या या विलंबावरून चूक ओळीच्या कुठल्या अर्ध्यात आहे ते मी पडदा न बघता सांगू शकतो. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टनं एक संदेश असा लिहिला होता की त्याला तोड नाही: एसक्यूएल सर्व्हर डज नॉट एक्झिस्ट ऑर अ‍ॅक्सेस डिनाइड. अस्तित्वातच नाही, किंवा आहे पण तुला प्रवेश नाही. पंढरीच्या वाटेवर शतकानुशतकं चाललेला वाद कुणी तरी एका चौकटीत बसवून खाली ओकेचं बटण ठेवलं होतं.

पुण्यात डॉटनेट होतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम लिहायचं साधन. तिथं आयएनआयच्या जागी वेब डॉट कॉन्फिग नावाची एक्सएमएल फाइल. आधी सगळे ही ओळ अ‍ॅपसेटिंग्जमध्ये कोंबायचे; २००५च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला कनेक्शनस्ट्रिंग्ज नावाची स्वतःची खोली मिळाली. ही फाइल ब्राउझरमधून मागितली तर आयआयएस, म्हणजे साइट चालवणारा सर्व्हर, देत नाही, एवढी काळजी घेतलेली होती. पीएचपीवाल्या मित्रांची गंमत वेगळी. त्यांची कॉन्फिग फाइल पीएचपीच असल्यामुळे तिच्यातलं काही बाहेर दिसायचं नाही, पण कुणी सर्व्हरवरच ती दुरुस्त करताना नावापुढे डॉट बीएके लावून प्रत ठेवली, की ती प्रत साधा मजकूर म्हणून जगाला वाचायला खुली.

एक्सएमएलचे स्वतःचे सोवळे-ओवळे होते. एका पतसंस्थेच्या कामात ग्राहकाच्या आयटीवाल्यानं पासवर्डमध्ये हौसेनं अँडचं चिन्ह घातलं. एक्सएमएलमध्ये ते एकटं चालत नाही. त्याच्यापुढे ए, एम, पी आणि अर्धविराम लिहावा लागतो, नाही तर अख्खी फाइलच वाचता येत नाही आणि साइट पिवळा पडदा दाखवते. आम्ही ते तसं लिहिलं. साइट चालू. आठवड्यानं त्यांनीच पासवर्ड बदलला आणि आम्हाला कौतुकानं सांगितलं, की आता अँड काढून टाकलाय, त्याऐवजी अर्धविराम घातलाय. अर्धविराम म्हणजे या ओळीत एक गोष्ट संपून दुसरी सुरू होण्याची खूण. ओळ पासवर्डच्या मधोमध तुटली. शिवाय ती फाइल जतन केली की अ‍ॅप्लिकेशन स्वतःहून नव्यानं सुरू होतं. मी दुपारी बारा वाजता ती दुरुस्त केली आणि सगळ्या शाखांमधले कॅशियर एकदम लॉगिनच्या पडद्यावर येऊन पडले. एक रिकामी जागा जरी वाढवून सेव्ह केलं तरी हेच होतं, हे माहीत असूनही प्रत्येकजण एकदा तरी भर दुपारी करतो. टेस्टची म्हणून लाइव्हची ओळ वापरल्याचा किस्साही प्रत्येकाकडे असतो. माझाही आहे. सांगणार नाही.

त्या दिवसांतली एक युक्ती मला फार आवडायची आणि नव्या मुलांना दाखवताना मी जादूगाराचा आव आणायचो. डेस्कटॉपवर एक रिकामी टेक्स्ट फाइल करायची. तिच्या नावातलं टीएक्सटी पुसून यूडीएल लिहायचं. चिन्ह बदलतं. डबल क्लिक केलं की नोटपॅडऐवजी चार टॅबांची खिडकी उघडते, सर्व्हर निवडा, युजर लिहा, पासवर्ड लिहा, खाली टेस्ट कनेक्शन. जमलं तर ‘टेस्ट कनेक्शन सक्सीडेड’. मग तीच फाइल नोटपॅडनं उघडायची, की आत तयार ओळ, सगळे अर्धविराम जागच्या जागी. एका पोरानं विचारलं होतं, “सर, आणि पासवर्ड सेव्ह करू का विचारतंय, त्याला काय म्हणायचं?” हो म्हटलं तर विंडोज बजावतं, की तो साध्या मजकुरात लिहिला जाईल, चालेल का? आम्ही न वाचता हो म्हणायचो. इतक्या स्पष्ट शब्दांत विचारलेला प्रश्न न वाचता पुढे जायची सवय मला वाटतं तिथूनच लागली.

लपवायचे उपाय नव्हते असं नाही. डॉटनेटमध्येच एक कमांड होती, ती चालवली की कनेक्शनस्ट्रिंग्जचा भाग कूटबद्ध व्हायचा आणि प्रोग्रामला मात्र आपोआप उलगडून मिळायचा. आम्ही ती एके ठिकाणी मोठ्या उत्साहानं चालवली. कूट उलगडायची किल्ली त्या मशीनमध्ये राहते. वर्षभरानं ते मशीन गेलं. फाइलचा बॅकअप होता, किल्लीची प्रत कुणी काढून ठेवली नव्हती. आता आमच्याकडे अतिशय सुरक्षित अशी एक ओळ होती, जी आम्हालाही वाचता येत नव्हती.

पण माझं खरं मत बनलं ते नंतर, कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या गिटच्या काळात. मी तेव्हा हिंजवडीत होतो. आमच्यातला एक मुलगा नोकरी बदलायच्या खटपटीत होता आणि मुलाखतीत दाखवायला म्हणून त्यानं आपण केलेलं काम स्वतःच्या खात्यावर सगळ्यांना दिसेल असं टाकलं. त्यात कॉन्फिग फाइल. लक्षात आल्यावर त्यानं घाबरून ती फाइल काढून टाकली आणि येऊन सांगितलं, की डिलीट केलीय. गिट काही विसरत नाही. आज काढलेली फाइल कालच्या पानावर जशीच्या तशी असते. आमचा एक जुना सहकारी म्हणाला, “पुसली नाहीस, वरून चुना मारलास.” ही काही आमच्यापुरती गोष्ट नव्हती. २०१६मध्ये उबरच्या इंजिनिअरांच्या खासगी कोडसाठ्यात शिरलेल्यांना तिथं अ‍ॅमेझॉनच्या साठवणुकीची किल्ली लिहिलेली सापडली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. कंपनीनं ते जगाला सांगितलं २०१७च्या नोव्हेंबरात.

आमच्याकडे एवढं काही झालं नाही. आम्ही ठरवलं, शनिवारी रात्री पासवर्ड बदलायचा. बदलला. तीन सर्व्हरवरच्या फाइली दुरुस्त केल्या, साइट उघडून पाहिली, सगळं हिरवं. साडेअकराला घरी. रविवारी पहाटे चारला बॅकअपचं काम पडलं. सकाळी सहाला एसएमएस पाठवणारी सर्व्हिस पडली. गंमत अशी की पासवर्ड फक्त दारात विचारतात. आधीपासून आत येऊन बसलेल्या जोडणीला कुणी पुन्हा विचारत नाही. त्यामुळे ज्यांच्या जोडण्या चालू होत्या ती कामं निर्धास्त चालत राहिली आणि त्या सुटल्यावर एकेक जण दारात येऊन आपटू लागला. सोमवारी अकाउंट्सचं एक्सेल. (एक्सेल. मला शेतकीतला तो पोरगा आठवला.) बुधवारी एक जुना रिपोर्ट. एक तारखेला महिन्याचं बिलिंग. आणि एक कुठला तरी प्रोग्राम दर दहा मिनिटांनी चुकीचा पासवर्ड घेऊन येत होता, तो शोधता शोधता आम्ही दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या टेबलाखाली पोचलो. मशीन चालूच होतं. वर कुणी तरी कुंडी ठेवली होती.

मोजले तेव्हा अकरा जागा निघाल्या. एकच ओळ, अकरा ठिकाणी उतरवलेली, काही ठिकाणी एखादी रिकामी जागा कमीजास्त. (डॉटनेटला तेवढ्यानंही फरक पडतो. ओळ अक्षरशः तीच असेल तरच एका प्रोग्रामच्या जोडण्या एका पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला राखून ठेवलेल्या साठ्यात, जातात, रिकामी जागा वेगळी की पूल वेगळा, आणि प्रत्येकाची मर्यादा ठरलेली शंभर.) तेव्हा मला काट्यावरची ती रात्र वेगळ्या तऱ्हेनं आठवली. आण्णांच्या सांगण्यावरून आम्ही ती ओळ प्रोग्रामच्या पोटातून बाहेर काढली, ती बदलता यावी म्हणून. आणि बाहेर आल्यावर ती इतक्या ठिकाणी उतरवली, की पुन्हा बदलता येईना. एक्सईत कोरलेलं नाव निदान कुठे आहे हे तरी माहीत होतं.

तेव्हापासून कुठल्याही नव्या कामावर गेलो की मी पासवर्ड कुठे ठेवलाय हे विचारत नाही. आज दुपारी बदलला तर काय काय बंद पडेल, हे विचारतो. उत्तराऐवजी बहुतेक वेळा लोक एकमेकांकडे बघतात.

नव्या रीती आल्या आहेत. २०११च्या सुमाराला प्रोग्राम चालवायला जागा देणाऱ्या हेरोकू या कंपनीच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी ‘बारा घटकां’ची जी मांडणी केली, तिच्यात कॉन्फिग हे कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे चालतो तिथल्या सेटिंगमध्ये, हवं असं सांगून एक झकास कसोटी दिली होती: तुमचा कोड या क्षणी जगाला खुला केला तर एकही गुपित फुटायला नको. कसोटी मला पटते. पण एन्व्हायर्नमेंटसाठी डॉट ईएनव्ही नावाची फाइल आली, आणि नव्या मुलाला ती पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मिळते. अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणाऱ्या कुबर्नेटीसमध्ये सीक्रेट नावाची वस्तू असते, तीत पासवर्ड बेस-चौसष्टमध्ये लिहितात, म्हणजे उलट्या अक्षरात लिहिण्याइतकंच गुपित. लोक त्याला एन्क्रिप्टेड म्हणतात तेव्हा मी पूर्वी वाद घालायचो, आता पाणी पितो.

मला स्वतःला विचाराल, तर चूक कुठे ठेवायचं याची नव्हतीच. चूक ही, की पत्ता आणि किल्ली आम्ही एकाच ओळीत, एकाच अर्धविरामाच्या अंतरावर लिहीत आलो. पत्ता वाचता यायला हवा, आण्णांना रात्री दोन वाजता नोटपॅडमध्ये बदलता यायला हवा. किल्ली त्या कागदावर असायचं कारण नाही. आणि हे सोडवायची सोय सुरुवातीपासून होती. पासवर्डऐवजी इंटिग्रेटेड सिक्युरिटी इज इक्वल टू एसएसपीआय एवढं लिहायचं. मग सर्व्हर विंडोजला विचारतो, हा कोण, आणि विंडोज सांगतं, आपलाच आहे. ओळीत लपवण्यासारखं काही उरतच नाही. आज क्लाउडवर मॅनेज्ड आयडेंटिटी म्हणून जे दाखवतात ते याच कुळातलं. आमच्या काट्यावर ते तेव्हा जमलं नसतं, कारण तिथं विंडोज ९८ होतं, सगळ्या मशीनना एकत्र ओळख देणारं डोमेन नव्हतं, आणि तो संगणक कुणाच्याही नावानं एस्केप दाबून उघडायचा. पण पुण्यात, जिथे सगळं होतं, तिथेही आम्ही अर्ध्या ठिकाणी एसएच लिहीत राहिलो. बोटांना सवय होती.

तीन हंगामांपूर्वी एका लग्नाला त्या बाजूला गेलो होतो. परतताना कारखान्याचा भोंगा ऐकू आला आणि गाडी वळवली. आण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. काट्याची केबिन तीच, आता एसी आहे, कॅमेरे आहेत, प्रिंटर करकरत नाही. ऑपरेटरच्या खुर्चीवर पंचविशीतला मुलगा. पडद्यावर मात्र माझाच प्रोग्राम होता, दोन-तीन जणांनी मधल्या काळात डागडुजी केलेला, रंग बदललेले, सेव्हचं बटण मी ठेवलं होतं तिथेच. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला, चहा सांगितला.

मागच्या लोखंडी कपाटाचं दार उघडंच होतं. दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलेला पिवळा पडलेला कागद. आण्णांचं गोल गोल अक्षर, सगळं देवनागरीत. सर्वर बरोबर ज्योतिबा, त्यावर काट. हे का लिहिलं असावं कुणास ठाऊक, ज्योतिबा तर तेव्हाच गेला होता. बहुधा आण्णांना पहिल्यापासून नोंद हवी असेल. खाली अंबाबाई, त्यावरही काट. त्याखाली दुसऱ्या कुणाच्या हातचा, एकशेब्याण्णवपासून सुरू होणारा आकडा, म्हणजे सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता, काट मारलेला. त्याखाली तिसऱ्या हातचा, निळ्या जेल पेननं, तसाच आणखी एक आकडा, चालू. आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड. तो एकदाच लिहिलेला. आण्णांच्या अक्षरात, कंसात ‘पहिलं अक्षर मोठं’.

“हा अजून चालतो?” मी विचारलं.

“चालतो की.”

“बदलला नाही कुणी?”

त्यानं खिडकीतून बाहेर रांगेकडे पाहिलं. “बोललो हुतो सायबांस्नी. म्हणले, हंगाम संपला की बदलू.”